‘द एंडलेस’मध्ये राक्षस एकदाही दिसत नाही. पैसे नव्हते म्हणून का? आणि मग त्याला भयपट का म्हणायचं?

पैसे कमी होते हे उघडच आहे. जस्टिन बेन्सन आणि आरोन मूरहेड यांनी २०१७ साली हा चित्रपट केला तेव्हा दिग्दर्शन दोघांचं, पटकथा बेन्सनची, कॅमेरा मूरहेडचा आणि ज्या पंथातून बाहेर पडले त्याच्याच छावणीत परत येणाऱ्या दोन भावांच्या भूमिकाही त्यांच्याच. पात्रांची नावंसुद्धा जस्टिन आणि आरोनच ठेवली. पण हातात भरपूर पैसे असते तरी त्यांनी राक्षस दाखवायला नको होता, असं मला मनापासून वाटतं. (पुढे रहस्यं फुटतात. पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

दोरीचा प्रसंग आठवा. रात्रीची वेळ, भोवती पंथाची माणसं, आणि काळोख्या आभाळातून एक दोरी ताणलेली खाली येते. ती ओढायची, एवढाच खेळ. वरून कुणीतरी उलट ओढतंय. पडद्यावर दोरी, अंधार आणि ओढणाऱ्याचा चेहरा, याहून जास्त काही नाही. वर कोण आहे हे दाखवलं असतं तर त्याची उंची, ताकद, दात सगळं आपण मोजलं असतं आणि मोजून झाल्यावर भीती ओसरली असती. इथे ती मोजताच येत नाही. शिवाय तो जो कोणी आहे तो फोटो आणि टेप पाठवतो, म्हणजे सतत बघत असतो. पाहणारा दिसला नाही की पाहिलं जाण्याची जाणीव जास्त छळते.

पण माझ्या मते खरी भीती त्या भावांमध्ये आहे. थोरल्या जस्टिनने धाकट्याला पंथातून बाहेर काढलं, त्या पंथाबद्दल भयंकर गोष्टी वाढवून सांगितल्या. अमेरिकी प्रेक्षकाला त्या पटतात, कारण १९९७ मध्ये सान दिएगोजवळ ‘हेवन्स गेट’ पंथाच्या ३९ जणांनी सामूहिक आत्महत्या केली होती. धाकट्याला मात्र तिथलं जेवण आणि माणसांची सोबत आठवते. बाहेर त्याच्या वाट्याला काय आलं? लोकांची घरं साफ करणं, तुटपुंजे पैसे, आणि प्रत्येक निर्णय दादाचा. उद्याचा दिवस आजच्यासारखाच.

पंथाची जागा तरी वेगळं काय करते? तिथे काळ गोल फिरतो. कुणाचं वर्तुळ काही वर्षांचं, कुणाचं काही तासांचं, आणि तंबूतल्या त्या माणसाचं तर जेमतेम काही सेकंदांचं. मला सबंध चित्रपटात सर्वांत असह्य तोच प्रसंग वाटला. रक्त, किंकाळ्या यांपेक्षा एका माणसाला तेच क्षण पुन्हा पुन्हा जगताना पाहणं कितीतरी कठीण जातं. त्यात भर म्हणजे छावणीतल्या लोकांना हे सगळं माहीत आहे आणि तरी ते राहायला राजी आहेत. कारण बाहेर आपली वाट पाहणारं कुणी आहे याची त्यांना खात्री नाही. आरोनलाही तेच वाटतं, म्हणून तो छावणी सोडून बाहेर परत जायला तयार होत नाही, आणि त्याला मूर्ख म्हणणं मला तरी जमत नाही.

चित्रपटाच्या सुरुवातीला येणाऱ्या अवतरणांपैकी दुसरं पुन्हा वाचा. मित्र मनातलं अधूनमधून बोलून टाकतात, भावंडं मात्र मरणशय्येपर्यंत थांबतात, असा त्याचा आशय आहे. शेवटी सुटका होते ती दोघं भाऊ एकमेकांशी सरळ बोलतात तेव्हाच. राक्षसाला हरवण्याचा प्रश्नच येत नाही.

याच जोडीचा २०१२ चा ‘रेझोल्यूशन’ आता जरूर पाहा. ‘द एंडलेस’मध्ये झोपडीत भांडणारे जे दोन मित्र दिसतात, मायकल आणि ख्रिस, ते मुळात त्या चित्रपटातले आहेत. मायकल आपल्या व्यसनी मित्राला बेडी घालून ठेवतो, तिथून गोष्ट सुरू होते. बेन्सन आणि मूरहेड त्यातही पंथाची माणसं म्हणून थोडा वेळ दिसतात. तो आणखी कमी खर्चातला आहे, वेगही संथ आहे, पण ‘द एंडलेस’नंतर पाहिलात तर त्यातली प्रत्येक सापडलेली चित्रफीत वेगळ्याच नजरेने पाहाल.