आणखी १४० डॉलर भरू का?

वाचकाचा प्रश्न:

ताई, मी डोंबिवलीत राहतो, वय ३४. खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात ४६ हजार येतात, त्यातले १७,५०० घराच्या हप्त्याला जातात. शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये किकस्टार्टरवर (नवी वस्तू बनवण्यासाठी लोकांकडून आधीच पैसे गोळा करणारी वेबसाइट) एका अमेरिकी कंपनीच्या नव्या सिंथसाठी, म्हणजे सिंथेसायझरसाठी, क्रेडिट कार्डाने ६०० डॉलर आणि शिपिंगचे ६० डॉलर भरले. वाद्य ऑगस्ट २०२५ मध्ये मिळणार होतं. नोव्हेंबर संपत आला तरी पत्ता नाही. आता मेल आलाय की टॅरिफमुळे (आयात शुल्कामुळे) शिपिंगचा खर्च वाढला, जे आणखी १४० डॉलर भरतील त्यांना पहिल्या बॅचमध्ये पाठवू, बाकीच्यांना नंतर. सध्या दर कार्यक्रमाला १,२०० रुपये देऊन कीबोर्ड भाड्याने आणतो, महिन्याला चार-पाच कार्यक्रम असतात. दुकानात ६४ हजारांचा कीबोर्ड नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. ओळखीतला एक वादक त्याचा रोलंड एक्सपीएस-१० कीबोर्ड मला ३२ हजारांना द्यायला तयार आहे. बचत खात्यात १ लाख १० हजार आहेत, जूनमध्ये मुलीच्या शाळेचे ४८ हजार भरायचेत. बायको म्हणते, गेले ते गेले. मला वाटतं, एवढे भरले तर १४० साठी कशाला अडायचं? काय करू?

उत्तर:

आधी एक तारीख लिहून घ्या: २९ डिसेंबर. बाकीचं नंतर सावकाश वाचलंत तरी चालेल.

कार्डाने पैसे भरले आणि वस्तू मिळाली नाही, तर आपल्या बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही नियमांत त्यासाठी साधारण १२० दिवस मिळतात, आणि ते मोजायचे वस्तू मिळण्याच्या कबूल तारखेपासून. शिवाय मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांची बाहेरची मर्यादा आहे. तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटवर पैसे १५ ऑक्टोबर २०२४ ला कापलेले दिसतात, म्हणजे ती मर्यादा एप्रिल २०२६ पर्यंत जाते. पण ऑगस्टअखेरपासून १२० दिवस मोजले की २९ डिसेंबर येतो. त्याच्या आत तुमच्या बँकेने दावा पुढे पाठवलेला असायला हवा, म्हणून तुम्ही फॉर्म त्याच्या दोन आठवडे आधी द्या. बँकांची स्वतःची मुदत कधी कधी याहूनही कमी असते. उद्याच कस्टमर केअरला मेल टाका आणि मुदत किती ते लेखी मागून घ्या.

दावा मान्य होईलच, असं मी म्हणणार नाही. किकस्टार्टर स्वतःला दुकान म्हणवून घेत नाही. आपण माल विकत घेत नाही, माल बनवणाऱ्याला पाठबळ देतो, अशी त्यांची मांडणी आहे, आणि करार होतो तो तुमच्यात आणि त्या कंपनीत. पण त्याच अटींमध्ये बनवणाऱ्यावरही बंधन आहे: प्रामाणिक प्रयत्न करून वस्तू द्यायची, आणि जमलं नाही तर पैसे कशावर खर्च झाले ते सांगून उरलेली रक्कम परत द्यायची तयारी दाखवायची. तुमचं बोट त्या अटीवर ठेवा. आणि तोवर त्या मेलमधल्या 'नवी तारीख मान्य' या बटणाला हात लावू नका. १४० डॉलर भरणं म्हणजेही नव्या तारखेला होकार दिल्यासारखंच आहे. कबूल तारीखच बदलली, तर बँकेसमोर तुमची बाजू कच्ची पडते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. 'एवढे भरले' असं तुम्ही म्हणता. मी तुमचे पूर्ण पैसे मांडून पाहिले. तेव्हा डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता. ६६० डॉलरचे ५५,४४० रुपये, त्यावर तुमच्या कार्डाचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं शुल्क) आणि त्या मार्कअपवर जीएसटी, असे मिळून जवळजवळ ५७,७०० रुपये गेले. तुम्ही १४० डॉलर भरा किंवा भरू नका, हा आकडा तोच राहणार. म्हणून आजच्या हिशेबात तो धरायचाच नाही. आज विचारायचं एवढंच: नवे १३ हजार (डॉलर ८९ ला आलाय, मार्कअप आहेच) देऊन मला नवीन काय मिळतंय?

वाद्य आलं असं समजा. ते कुरिअरने येईल, केवायसी मागतील, कस्टम्स ड्युटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) भरावा लागेल. दर वस्तूच्या वर्गीकरणावर ठरतो. अशा हिशेबात मी सरळ चाळीस टक्के धरते, म्हणजे नंतर धक्का बसत नाही. तुमच्या वाद्यावर ते २३,५०० च्या घरात जातं. तुम्ही हा खर्च कुठेच धरलेला नाही. नव्या कंपनीचं वाद्य, भारतात सर्व्हिस नाही, पार्ट मिळायचे नाहीत, विकायला गेलात तर गिऱ्हाईक शोधावं लागेल. अशा वाद्याची तुमच्यासाठीची किंमत मी ४५ हजार धरली, आणि ती मला थोडी सढळच वाटते. ४५ मधून ड्युटी वजा केली की हातात २१,५०० चा फायदा उरतो. तो मिळण्यासाठी आज १३ हजार लावायचे. म्हणजे अशा दहा प्रकरणांत किमान सहा वेळा वाद्य खरंच हातात पडायला हवं, तेव्हा कुठे तोंडमिळवणी होते. आणि हे १३ हजार न भरताही वाद्य देण्याचं त्यांचं बंधन कायमच आहे, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा याहूनही कमी.

दहातले सहा हा आकडा फार वाटत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधले ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या ४७ हजारांहून जास्त पाठीराख्यांची पाहणी केली होती. त्यात पैसे गोळा होऊनही वस्तू न पोचवलेले प्रकल्प ९ टक्के निघाले. त्यांच्याच आधीच्या एका अभ्यासात तीन चतुर्थांशांहून जास्त प्रकल्प उशिरा पोचल्याचं दिसलं होतं. म्हणजे उशीर झाला म्हणून लगेच फसवणूक म्हणायचं नाही. पण त्या ९ टक्क्यांत पत्त्यांच्या कॅटपासून छापील पुस्तकांपर्यंत सगळं मोजलेलं आहे. सर्किट, साचे, फर्मवेअर (यंत्राच्या आत भरलेलं सॉफ्टवेअर) असलेली, तीन महिने उशिरा धावणारी आणि वर आणखी पैसे मागणारी वस्तू त्या सरासरीत बसवता येत नाही.

जादा पैशांच्या मागणीचं एक उदाहरण सगळ्यांसमोर घडलेलं आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या कूलेस्ट कूलर या प्रकल्पाला २०१४ मध्ये ६२ हजारांहून जास्त लोकांनी मिळून १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. बर्फाची पेटी, तिला ब्लेंडर आणि स्पीकर जोडलेला. फेब्रुवारी २०१५ चा वायदा होता. २०१६ मध्ये त्यांनी वाट पाहणाऱ्यांना सांगितलं, ९७ डॉलर जादा द्या, तुमची पेटी लवकर पाठवतो. खरी अडचण अशी होती की लोकांकडून घेतलेल्या पैशांत पेटी बनतच नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनी बंद झाली तेव्हा सुमारे २० हजार लोकांना काहीच मिळालेलं नव्हतं. बंद करताना कारण सांगितलं गेलं ते टॅरिफचं.

तुमच्या मेलमधलं टॅरिफ मला खटकतंय ते यासाठी. कंपनी अमेरिकेतली असली तरी तुम्ही पाठवलेल्या माहितीत वाद्याची जोडणी चीनमधल्या शेन्झेनमध्ये होणार असं लिहिलंय. अमेरिकेचं टॅरिफ अमेरिकेत येणाऱ्या मालावर लागतं. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावर ते १४५ टक्क्यांपर्यंत चढलं, मे महिन्यात ३० वर आलं, आणि त्यात अनेक छोट्या कंपन्या खरोखर होरपळल्या. पण शेन्झेनहून निघालेलं खोकं सरळ डोंबिवलीला येणार असेल, तर त्यावर अमेरिकेचा एक पैसाही लागत नाही. आधी अमेरिकेच्या गोदामात नेऊन मग भारतात पाठवणार असतील, तर त्यांनी तसं सांगावं आणि असं का करताय तेही सांगावं. अमेरिकेतल्या ग्राहकांचा खर्च जर तुमच्यावर वाटला जात असेल, तर त्याला शिपिंग म्हणू नये.

दुसरी गोष्ट फोटोंची. तुम्ही पाठवलेले सगळे अपडेट्स मी दोनदा पाहिले. सप्टेंबरमधली चित्रं संगणकावर काढलेली आहेत (हार्डवेअरच्या प्रकल्पात अशी खरी भासणारी चित्रं वापरायला किकस्टार्टरने २०१२ पासून मनाई केलेली आहे). ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये एक खरा फोटो आहे, खाली लिहिलंय 'पहिली बॅच'. तो मोठा करून बघा. डावीकडून तिसऱ्या नॉबच्या खाली पॅनलवर एक तिरका चरा आहे. आता प्रकल्प सुरू झाला तेव्हाचा, २०२४ मधला फोटो उघडा. तोच नॉब, तोच चरा. म्हणजे वर्षभरानंतरही त्यांच्याकडे दाखवायला तोच एक नमुना आहे.

खरा उशीर कसा दिसतो ते मी घरात पाहिलंय. माझ्या धाकट्या भावाने २०२० मध्ये अशाच मार्गाने एका छोट्या कंपनीच्या ऑडिओ इंटरफेससाठी (वाद्याचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) पैसे भरले होते. त्या वर्षी २० ऑक्टोबरला जपानमधल्या मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या चिपच्या कारखान्याला आग लागली. आवाजाचं डिजिटलमध्ये आणि डिजिटलचं आवाजात रूपांतर करणाऱ्या त्यांच्या चिप्स कित्येक वाद्यांत आणि रेकॉर्डिंगच्या यंत्रांत होत्या. भावाच्या कंपनीने महिन्याभरात लिहिलं: आमची चिप तिथलीच होती, दुसरी घेतोय, त्यासाठी बोर्ड नव्याने आखावा लागेल, किमान आठ महिने जातील. पुढच्या प्रत्येक मेलला नव्या हिरव्या बोर्डाचा फोटो असायचा, जुन्या-नव्या चिपची जागा खुणेने दाखवलेली. वस्तू चौदा महिने उशिरा आली, पण आली. जादा पैसे मागितले नाहीत. कारण तपासता येत होतं, आणि काम पुढे सरकतंय हे डोळ्यांना दिसत होतं.

तुम्हीही त्या कंपनीला आज एक मेल लिहा. किती नग तयार झाले आणि त्यांचे सिरीयल नंबर काय, भारताचं पार्सल कुठून निघणार, घेतलेले ६० डॉलर शिपिंगला का पुरत नाहीत, एवढंच विचारा. खाली एक वाक्य: १० डिसेंबरपर्यंत समाधानकारक उत्तर आलं नाही तर ६६० डॉलर परत हवेत. भाषा सभ्य ठेवा. पलीकडे चार माणसं रात्र रात्र जागून काम करत असतील, अशीही शक्यता आहे, आणि एकाच वेळी शेकडो लोकांनी चार्जबॅक केला तर अशी छोटी कंपनी बुडते. मला ते जड जातं, म्हणूनच आधी विचारा म्हणते. पण त्यांचं नुकसान भरून काढण्याचं काम डोंबिवलीतल्या, महिन्याला ४६ हजार मिळवणाऱ्या माणसाचं नाही. तयार नगांचा व्हिडिओ आला आणि पार्सल चीनहून थेट निघणार असेल, तर मला परत लिहा, हिशेब नव्याने मांडू. नाहीतर ११ डिसेंबरला बँकेचा डिस्प्युट फॉर्म (चार्जबॅकचा अर्ज) भरा. सोबत प्रकल्पाच्या पानावरची ऑगस्टची तारीख, सगळे मेल आणि ते दोन फोटो जोडा. दावा केल्यावर त्या वाद्यावरचा हक्क सुटला असं धरून चला. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण परदेशातल्या छोट्या कंपनीकडून वसुली करणं फार लांबतं. ६० हजारांसाठी मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही.

आता कीबोर्ड. तो तुमचं कमाईचं हत्यार आहे, त्यामुळे त्याचा निर्णय या परदेशी वाद्याच्या दावणीला बांधू नका. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झालेत, आणि दर हळदीला १,२०० रुपये भाड्यात जातायत. मेअखेरपर्यंतचे सहा महिने धरले तर ते २८,८०० ते ३६,००० होतात. म्हणजे ३२ हजारांचा एक्सपीएस-१० याच मोसमात आपली किंमत वसूल करतो. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या हातात तो सर्रास असतो, दुरुस्त करणारे सापडतात, उद्या विकायचा झाला तर घेणाराही सापडतो. पैसे देण्याआधी एका कार्यक्रमात पूर्ण संध्याकाळ वाजवून बघा. सगळ्या पट्ट्या सारख्या दाबल्या जातात का, डिस्प्ले आणि अ‍ॅडॉप्टर ठीक आहेत का, हे दोन गाण्यांत कळत नाही. ६४ हजारांचा नवा नको. नो-कॉस्ट म्हणतात त्या हप्त्यातही व्याजाच्या भागावर जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी असते, आणि घराच्या हप्त्यावर बारा महिने आणखी एक हप्ता तुमच्या पगाराला झेपणार नाही.

३२ हजार दिल्यावर खात्यात ७८ हजार उरतात. त्यातले ४८ शाळेचे समजलात तर अडीअडचणीला फक्त ३० हजार, आणि ते मला फारच कमी वाटतात. म्हणून डिसेंबरपासून भाड्याचे वाचलेले १,२०० दर कार्यक्रमामागे वेगळ्या खात्यात टाका, सोमवारी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी. जूनपर्यंत फीची निम्म्याहून जास्त रक्कम तिथेच जमेल आणि बचतीला तेवढा हात कमी लागेल. ते ६६० डॉलर परत आले तर रुपया उतरल्यामुळे मूळ रकमेच्या जवळपास पैसे मिळतील. तेही त्याच खात्यात जाऊ द्या. त्या सिंथच्या पुढच्या आवृत्तीवर जुन्या पाठीराख्यांना सवलत देणारा मेल तुम्हाला आलेलाच आहे. त्याला उत्तर देऊ नका.

बँकेचं उत्तर आलं की त्यांनी दिलेली मुदत मला कळवा. ती २९ डिसेंबरच्या आधीची निघाली, तर १० तारखेची वाट बघायची नाही.