‘लस्ट’ म्हणजे सरसकट ‘वासना’ नव्हे

इंग्रजी ‘लस्ट’साठी मराठीत नेहमी ‘वासना’ हाच शब्द योजावा का, आणि ‘डिझायर’हून तो वेगळा कसा, असे आपण विचारले आहे. पुण्यात अनुवादांची हस्तलिखिते तपासताना याच शब्दापाशी चांगले अनुवादकही अडखळलेले मी पाहिले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आजच्या इंग्रजीत लस्ट म्हणजे माणसापेक्षा त्याच्या शरीराकडे धावणारी तीव्र कामेच्छा, आणि तिच्यात दोष देण्याचा सूर आधीच मिसळलेला असतो. पतिपत्नींच्या परस्परओढीला डिझायर म्हटले तर कोणी दुखावत नाही. लस्ट म्हटले की बोलणाऱ्याने निवाडा दिलेला असतो. या सुरामागे ख्रिस्ती धर्मपरंपरा आहे, कारण सात महापापांच्या यादीतील लॅटिन ‘लक्झुरिया’ला इंग्रजीत हाच शब्द रूढ झाला. आपल्या षड्रिपूंतला ‘काम’ इथे बिनचूक बसेल असे वाटते, परंतु काम हा चार पुरुषार्थांपैकीही एक आहे आणि तसा मान लस्टला नाही.

मूळचा अर्थ मात्र इतका अरुंद नव्हता. जुन्या इंग्रजीत लस्ट म्हणजे आनंद, आवड, इच्छा. जर्मन भाषेत ‘लुस्ट’ आजही त्याच अर्थाने चालतो, आणि आईस्क्रीम खायची लुस्ट आहे का, असे तिथे लहान मुलालाही विचारतात. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये मांस खावेसे वाटण्यालाही हेच क्रियापद आहे. ‘लस्टी’ या विशेषणात हा जुना अर्थ टिकून आहे. एका हस्तलिखितात विजयी सैनिकांच्या ‘लस्टी चिअर्स’चे भाषांतर ‘कामातुर आरोळ्या’ असे केलेले मला आढळले होते; तिथे ‘दणदणीत जयघोष’ एवढेच हवे होते.

आता ‘वासना’ पाहा. शेवटच्या आजारपणात माझी आजी ताट बाजूला सारून म्हणायची, “अन्नावर वासनाच राहिली नाही रे.” तिच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा गुरुजींनी विचारले, “काही वासना राहिली होती का?” काकांनी हात जोडून धाकट्या नातीच्या लग्नाचे वचन दिले. त्या घाटावर त्या शब्दाची कोणालाही लाज वाटली नाही. समर्थांनाही मनाच्या श्लोकांत वासनेला ‘दुष्ट’ हे विशेषण लावावे लागले, म्हणजे नुसती वासना तेव्हा दुष्ट ठरत नव्हती. लस्टचा अर्थ ज्या वाटेने आकसला, त्याच वाटेवर आपला शब्द आहे; फक्त जुना अर्थ अजून घराघरांत जिवंत आहे. म्हणून वयस्कर पात्राच्या तोंडी ‘वासना’ आली, तर इंग्रजीत लस्ट लिहिण्याआधी ती कशाची वासना आहे हे पाहावे.

उलट दिशेने जाताना लस्ट कशाची, यावर मराठी शब्द ठरतो. सत्तेची असेल तर सत्तालालसा, पैशाची असेल तर हाव, रक्ताची असेल तर रक्तपिपासा. व्यक्तीविषयी ‘लस्ट आफ्टर’ आले तर ‘अभिलाषा धरणे’ जुने पण नेमके आहे. नजरेला ‘वखवखलेली’ आणि माणसाला ‘लंपट’ हे शब्द मला ‘वासनायुक्त’पेक्षा कितीतरी सरस वाटतात. ‘वासनायुक्त’ असे कोणी बोलत नाही.

एका वापराला मात्र माझा ठाम विरोध आहे. बलात्काराच्या बातमीत ‘वासनेला बळी पडली’ असे सर्रास लिहिले जाते. त्या वाक्यात गुन्हेगार दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी एक अनावर इच्छा उभी राहते. अशा मजकुराचा अनुवाद माझ्याकडे आला की मी ते शब्द खोडून ‘तिच्यावर बलात्कार केला’ असे लिहितो आणि वाक्याला कर्ता परत देतो. मूळ इंग्रजीत लस्ट असला, तरी तो लेखकाचा शब्द आहे की आरोपीच्या बचावाचा, हे तपासल्याशिवाय मी तो मराठीत येऊ देत नाही.