विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्राचा पाया कच्चा असेल, तर नेमकं काय पक्कं करावं?

तुम्ही लिहिलंय की शाळेत जीवशास्त्राकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि आता पुस्तक उघडलं की नावांचा भडिमार होतो, मग सगळं घोकूनच काढायचं का? मी प्रवेश परीक्षेच्या मुलांना हाच विषय शिकवतो. नावं पाठ करावी लागतातच, त्यातून सुटका नाही. पण मूलभूत भागात मार्क जातात ते बहुतेक वेळा नाव आठवलं नाही म्हणून नाही, तर ‘किती?’ आणि ‘कुठे?’ या दोन प्रश्नांपाशी गडबड होते म्हणून.

‘किती’ साठी पेशीविभाजन घ्या. माणसाच्या शरीरपेशीत 46 गुणसूत्रं असतात. विभाजनाआधी डीएनएची प्रत निघते, म्हणजे डीएनए दुप्पट होतो. आता गुणसूत्रं किती? बरेच जण बेधडक 92 म्हणतात. उत्तर 46 च आहे, कारण गुणसूत्रं मोजायची ती गुणसूत्रबिंदूवरून, आणि दोन्ही प्रती अजून तिथेच जोडलेल्या असतात. 92 हा आकडा येतो, पण सूत्री विभाजनात त्या प्रती सुटून दोन टोकांकडे सरकू लागतात तेव्हा, आणि तोही पेशी दुभंगेपर्यंतच.

मायोसिसमध्ये, म्हणजे बीजपेशी तयार करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात, गंमत आणखी वाढते. पहिल्या विभाजनात जोड्या फुटतात, म्हणून प्रत्येक पेशीत 23 गुणसूत्रं जातात, पण प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड, म्हणजे त्या जोडलेल्या दोन प्रती, असतातच. म्हणजे गुणसूत्रं निम्मी झाली, तरी डीएनए अजून साध्या, प्रत न काढलेल्या शरीरपेशीइतकाच आहे. दुसऱ्या विभाजनात 23 ची 23 च राहतात आणि डीएनए मात्र निम्म्यावर येतो. हे वाचून डोक्यात बसत नाही, काढावं लागतं. 46 काढत बसू नका. दोन लांब आणि दोन आखूड अशी चारच गुणसूत्रं घ्या, आईकडची एका रंगात, वडिलांकडची दुसऱ्या. प्रत काढा, जोड्या लावा, फोडा, पुन्हा फोडा, आणि प्रत्येक पायरीला बाजूला दोन आकडे लिहा: गुणसूत्रं किती, डीएनए किती. कोणाची मदत न घेता हे कागदावर उतरलं, की त्या प्रकरणातले निम्मे प्रश्न बघताक्षणी सुटतात.

शिवाय याच चित्रात अनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल आहे. त्याने 1866 मध्ये वाटाण्यावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा गुणसूत्रांची भूमिका कोणालाच ठाऊक नव्हती. तुम्हाला ती ठाऊक आहे. लांब जोडी कशी फुटते याचा आखूड जोडीशी संबंध नसतो, हे रंगांवरून दिसलं की दोन गुणधर्मांच्या संकरातलं 9:3:3:1 हे प्रमाण कुठून आलं ते वेगळं सांगावं लागत नाही. अनुवंशिकतेत एका ठिकाणी मात्र प्रश्न दोनदा वाचा. आई हिमोफिलियाची (रक्त नीट न गोठण्याचा आजार, दोष X गुणसूत्रावर) वाहक, म्हणजे दोष आहे पण आजार नाही, वडील निरोगी. होणाऱ्या अपत्याला हिमोफिलिया असण्याची शक्यता किती? एक चतुर्थांश. आणि मुलगा झाला तर त्याला असण्याची? एक द्वितीयांश. दोन्ही आकडे पर्यायांत हमखास असतात.

आता ‘कुठे’. श्वसनाची अभिक्रियांची साखळी पाठ करण्याआधी ग्लुकोजचे सहा कार्बन कुठे कुठे जातात तेवढं बघा. पेशीद्रवात ग्लुकोज फुटून तीन-तीन कार्बनची दोन पायरुवेट होतात. इथे ऑक्सिजन लागत नाही आणि निव्वळ 2 एटीपी (पेशी ऊर्जा ज्या रूपात वापरते तो रेणू) मिळतात. पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात शिरतात आणि क्रेब्ज चक्राच्या दारातच एकेक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरलेले चार चक्रात जातात आणि तेही कार्बन डायऑक्साइड होऊनच निघतात. सहाचा हिशेब संपला, आणि श्वासातला ऑक्सिजन अजून आलेलाच नाही! तो येतो अगदी शेवटी, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर, इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. म्हणून ‘आत घेतलेला ऑक्सिजनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो’ हे विधान चूक. एकूण एटीपी किती, यावर जुनी पुस्तकं 36 किंवा 38 म्हणतात, नवी 30 ते 32. तुमच्या परीक्षेला जे पुस्तक नेमलंय त्यातला आकडा लिहा, वाद घालू नका.

प्रकाशसंश्लेषणालाही हीच पद्धत लावा. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नाही. प्रकाश लागणारा भाग हरितलवकातल्या थायलाकॉइड या चपट्या पिशव्यांच्या पटलावर, साखर बनवणारं केल्विन चक्र त्यांच्याभोवतीच्या द्रवात, म्हणजे स्ट्रोमात. जिवाणूंत मायटोकॉन्ड्रिया नसतात, मग त्यांची इलेक्ट्रॉनची साखळी कुठे चालते? त्यांच्या पेशीपटलावर. असे प्रश्न स्वतःलाच विचारत राहा.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. डीएनएची चार अक्षरं (बेस) ए, टी, जी, सी; दुपदरी डीएनएत ए 30 टक्के असेल तर टी 30, आणि जी व सी प्रत्येकी 20; हा हिशेब एकपदरी डीएनएला लावू नका. 64 कोडॉनपैकी (तीन-तीन अक्षरांचे संकेत) 61 अमिनो आम्लांसाठी, 3 थांबण्यासाठी. हृदयाचं चित्र रक्ताच्या एका थेंबाबरोबर बोट फिरवत शिका, म्हणजे फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त का असतं ते विसरणार नाही. वर्गीकरण, संप्रेरकं, वनस्पतींची कुळं हा निव्वळ पाठांतराचा प्रांत आहे. तिथे समजून घेण्याच्या नादात वेळ घालवू नका. रोज थोडं, आणि मोठ्याने म्हणून.

जुन्या प्रश्नपत्रिका लगेच हातात घ्या, अभ्यास पुरा व्हायची वाट बघू नका. फक्त बरोबर पर्यायावर खूण करून पुढे जाऊ नका. उरलेल्या तिन्ही पर्यायांपुढे पेन्सिलीने लिहा, कोणता शब्द किंवा आकडा बदलला तर हे बरोबर ठरलं असतं. सुरुवातीला एका प्रश्नपत्रिकेला भरपूर वेळ लागेल, लागू द्या.