आर्केड कॅबिनेटमध्ये बसवल्यावर मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो, टेबलावर मात्र चालत होता. काय तपासू?

तुमच्याकडे रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसतं 'पाय') आहे आणि कॅबिनेटला एकच मेन स्विच आहे, म्हणून माझा पहिला संशय चालू होण्याच्या क्रमावर आहे. टेबलावर मॉनिटर आधीच चालू असायचा. आता दोघांना एकदम वीज मिळते; मॉनिटर जागा व्हायच्या आत पाय त्याला शोधतो, कुणी सापडत नाही, आणि एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरकडे चित्र नेणारी जोडणी, बंदच ठेवतो.

खात्री करून घ्या: मॉनिटर आधी चालू करा, दहा सेकंदांनी पाय. चित्र आलं, तर कारण हेच. मग मेमरी कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये (config.txt) एचडीएमआय, फोर्स, हॉटप्लग हे शब्द अंडरस्कोरने जोडून पुढे =1 लिहा. नव्या सिस्टिमवर ही ओळ बहुधा चालत नाही; तिथे सीएमडीलाइन फाइलमध्ये (cmdline.txt) व्हिडिओ मोड, म्हणजे चित्राचं रिझोल्यूशन, द्यावा लागतो. त्या फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत हवं. चुकून मध्येच एंटर दाबलात तर पाय कदाचित सुरूच होणार नाही, म्हणून आधी तिची कॉपी ठेवाच.

केबल पॉवरच्या सॉकेटला लागून असलेल्या एचडीएमआय पोर्टातच आहे ना, तेही बघा. कॅबिनेटमध्ये हात घालून अंदाजाने केबल लावताना ती हमखास शेजारच्या पोर्टात जाते.

चित्र आल्यावर कोपऱ्यात पिवळी वीज चमकली, तर पुरवठा कमी पडतोय. 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लावा.