जुना हिशेब सोडवत नाही

माझ्याकडे पैशांच्या काळजीवर बोलायला येणाऱ्यांत कर्जाने गांजलेले असतात, खर्चावरून अबोला धरलेली जोडपी असतात, आणि अलीकडे एक तिसरी जात दिसायला लागली आहे. यांच्याकडे पैसा नीट असतो, नोंदी त्याहून नीट असतात, झोप मात्र नसते. प्रश्न बहुतेक वेळा एकच. "इतक्या वर्षांचा जमाखर्च आणि गुंतवणूक एका प्रोग्रॅममध्ये आहे. तो आता बदलावा लागणार. सगळं बिघडलं तर?"

पहिल्यांदा हा प्रश्न कानावर आला तेव्हा मला तो किरकोळ वाटला होता. "संगणकातल्या जाणकाराला विचारा की," हे अगदी जिभेवर आलं होतं. ते बोलले नाही हे बरं झालं.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. १६ वर्षं प्रत्येक खर्च, प्रत्येक शेअर, फंडाचं प्रत्येक युनिट टिपलेलं. प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीने नव्या आवृत्त्या काढणं थांबवलं होतं, त्यामुळे पुढचा संगणक घेतला की तो चालेल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी नवा प्रोग्रॅम घेतला. जुना मात्र सोडला नाही. गेली दोन वर्षं रोज रात्री तीच नोंद एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत की फरक सापडेपर्यंत जागरण.

पत्नी सोबत आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "यांची दोन घरं झालीत मॅडम, आणि दोन्ही घरांत हे एकटेच."

भीती निराधार नाही हे आधी सांगायला हवं. मायक्रोसॉफ्टने आपल्या 'मनी' या प्रोग्रॅमची विक्री २००९ मध्ये बंद केली. 'मिंट' ही ऑनलाइन सेवा २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली. पण दोन्हींत फरक आहे, आणि तो मी आता प्रत्येकाला सांगते. 'मनी' लोकांच्या स्वतःच्या संगणकावर होता, कंपनीने निरोपाची एक मोफत आवृत्तीही दिली, त्यामुळे नंतर कितीतरी वर्षं लोक आपली जुनी फाइल उघडत राहिले. 'मिंट'चं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर, तिथे मुदतीच्या आत नोंदी उतरवून घ्याव्या लागल्या. तेव्हा आधी बघायचं, आपली वही आपल्या कपाटात आहे की दुसऱ्याच्या. या गृहस्थांची स्वतःच्या कपाटात होती. म्हणजे घाई नव्हती. तरी दोन वर्षं जीव टांगणीला.

मी म्हटलं, दाखवा बरं काय जुळत नाही ते. त्यांनी लॅपटॉप उघडला. नव्या प्रोग्रॅममध्ये बचत खात्याची शिल्लक उणे. बँकेत असं कधी झालंच नव्हतं. गंमत म्हणजे तळाशी सगळ्या खात्यांची बेरीज मात्र चोख.

हे कोडं मी नंतर पुष्कळांकडे पाहिलं. नोंदी एकीकडून दुसरीकडे न्यायला क्यूआयएफ नावाची एक जुनी पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक खात्याची यादी वेगळी निघते. बचत खात्यातून गुंतवणुकीच्या खात्यात पैसे वळवले असतील तर तो व्यवहार दोन्ही याद्यांत असतो. नव्या प्रोग्रॅमने दोन्ही वाचल्या आणि दोन्ही खऱ्या मानल्या, तर एका खात्यातून रक्कम दोनदा जाते, दुसऱ्यात दोनदा येते. बेरीज हलत नाही, खाती बिघडतात. दुसरी खोड तारखांची. तारखेत आधी दिवस की आधी महिना, हे ती फाइल सांगत नाही. त्यांनी २० मार्चला घेतलेले शेअर २ मेला विकले होते. विसावा महिना नसतो म्हणून नव्या प्रोग्रॅमने २० मार्च तशीच ठेवली, पण २ मेची ५ फेब्रुवारी केली. घ्यायच्या आधीच विकलेले शेअर! इम्पोर्ट करताना तारखेची रीत निवडायची सोय होती, ती त्यांनी पाहिलीच नव्हती.

एवढं कळल्यावर माणूस हसायला हवा होता. हे हसले नाहीत. माझ्या व्यवसायात हा क्षण महत्त्वाचा. अडचण सुटली आणि चेहरा सुटला नाही, तर अडचण ती नव्हती.

पुढच्या भेटीत ते एकटे आले. बराच वेळ फाइलींचंच बोलत होते. मग म्हणाले, "मॅडम, जुन्यात माझा परतावा वर्षाला १४.२ टक्के दिसतो. नव्यात ६.१. खातीबिती दुरुस्त केल्यावरसुद्धा. यातला खोटा कुठला?"

मी कागद घेतला. समजा, पहिल्या वर्षी तुम्ही १०० गुंतवले आणि त्यांचे २०० झाले. हुरूप आला, आणखी ८०० घातले. झाले १०००. दुसऱ्या वर्षी बाजार १० टक्के पडला, राहिले ९००. आता एक पद्धत म्हणते, पैसे कधी घातले ते विसरा, गुंतवणूक कशी चालली ते बघा. पहिल्या वर्षी दुप्पट, दुसऱ्या वर्षी दहा टक्के घट, म्हणजे एकाचे १.८ झाले, वर्षाला साधारण ३४ टक्के. दुसरी पद्धत म्हणते, तुमच्या खिशातून १०० आणि ८०० गेले, हातात ९०० आहेत. परतावा शून्य.

ते कागदाकडे बघत राहिले. मग पेन घेऊन स्वतः पुन्हा आकडे मांडले. हिशेबी माणूस, माझ्यावर कशाला विश्वास ठेवील.

खोटी कुठलीच पद्धत नाही. पहिलीला कालभारित परतावा म्हणतात. फंड चालवणाऱ्याची कामगिरी तिने मोजतात, कारण गुंतवणूकदार पैसे कधी आणतील हे त्याच्या हातात नसतं. दुसरी पैसाभारित, स्प्रेडशीटमध्ये एक्सआयआरआर या नावाने असते ती. आपल्या पैशांचं प्रत्यक्षात काय झालं हे तिने कळतं. जुना प्रोग्रॅम पहिलं उत्तर देत होता, नवा दुसरं. यांची मोठी रक्कम तेजीच्या टोकाला गेली होती, म्हणून दोहोंत एवढी दरी.

"म्हणजे माझी निवड बरी होती, वेळ चुकली."

"असं दिसतंय खरं."

मग जे बाहेर आलं त्यात प्रोग्रॅम कुठेच नव्हता. काही वर्षांपूर्वी पत्नीच्या नावावर एक मोठी रक्कम आली होती. पत्नीचं म्हणणं होतं, मुदत ठेवीत ठेवू. यांनी स्क्रीनवरचे १४ टक्के दाखवले आणि विषय मिटवला. तीच ती तेजीच्या टोकाला गेलेली रक्कम. नव्या प्रोग्रॅमचा आकडा, ठेवीने जे दिलं असतं त्याच्या आसपासच होता. जुना बंद करायचा म्हणजे १४ टक्के बंद करायचे, आणि कधीतरी घरी सांगायचं.

"लपवायचं नव्हतं मला," ते म्हणाले. "आधी नक्की काय ते कळू दे, मग सांगू, असं चाललं होतं." दोन वर्षं नक्की करण्यात गेली होती.

अशा वेळी नैतिकतेचं व्याख्यान द्यायचा मोह होतो, आणि तो आवरावा असं माझं मत आहे. मी फक्त विचारलं, सांगाल कसं? त्यांनी तोच कागद घडी करून खिशात घातला. घरी काय बोलणं झालं ते मला पूर्ण ठाऊक नाही. पत्नीने पुढच्या भेटीत सांगितलं ते असं: "मला वाटलं होतं, बुडालेच सगळे. तसं तोंड करून बसायचे. सहा टक्के तर सहा टक्के."

बदलाचं काम त्यानंतर पंधरवड्यात झालं. सगळ्या १६ वर्षांच्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये ओतायचा हट्ट त्यांनी सोडला, मीही हेच सुचवते. एका महिनाअखेरीला रेघ मारली. त्या दिवशीच्या बँकेच्या उताऱ्यावरची शिल्लक ही नव्यातली आरंभीची शिल्लक. आज हातात असलेल्या शेअर-फंडांची मात्र प्रत्येक खरेदी मूळ तारखेने आणि किमतीने चढवली, कारण विकताना नफा काढायला ती लागतेच, आणि परतावाही तिच्याशिवाय निघत नाही. वाटेत बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक) झाला असेल तर शेअरची संख्या डीमॅटसारख्या मूळ नोंदीशी ताडून पाहिली. विकून मोकळं झालेलं सगळं जुन्यातच राहू दिलं. जुन्याचा बॅकअप घेतला, शिवाय सगळे व्यवहार सीएसव्हीत, म्हणजे कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत, आणि वर्षवार अहवाल पीडीएफमध्ये काढले, म्हणजे तो प्रोग्रॅम उद्या उघडला नाही तरी वाचता येतील. ती सीएसव्ही एकदा उघडून बघा, असं मी मुद्दाम सांगते. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबून फसलेले मी पाहिले आहेत. दोन्हीकडे लिहायचं ते फक्त दोन महिनाअखेरी जुळेपर्यंत.

तीनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. दोन्ही महिने जुळले होते, एका खात्यात १२ चा फरक सोडून.

"सापडला?"

"एक संध्याकाळ शोधलं. मग ही म्हणाली, झोपा आता. फरकाची नोंद टाकून दिली."

"तपशिलात काय लिहिलंत?"

"'सापडलं नाही'."