गिटार शिकवतो म्हणजे मी कलाकार उरलो नाही का?

प्रश्न: मी क्लासिकल गिटार वाजवतो. परदेशात मास्टर्स केलं, त्यानंतर इथेच राहून तिसरं वर्ष चालू आहे. आठवड्यातले पाच दिवस म्युझिक स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवतो, कॉन्सर्ट महिन्यातून जेमतेम एक. तीन कॉम्पिटिशन दिल्या, फायनलला एकदाच पोचलो. वय 29. कलाकार व्हायला आलो आणि मास्तर होऊन बसलो असं वाटतं. राहू की परत जाऊ?

उत्तर: अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण तिशीच्या आसपास मी पण अगदी हेच विचारत होते, आणि मी पण परक्या देशातच होते. आधी एक सांगते, तू मागे पडलेला नाहीस. आपल्या वाद्याचं गणितच वेगळं आहे. व्हायोलिनवाला ऑर्केस्ट्राची ऑडिशन देतो, लागला तर महिन्याचा पगार सुरू. ऑर्केस्ट्रात गिटारची कायमची खुर्चीच नसते, रॉद्रिगोचा अरांह्वेस कॉन्सर्टो (गिटार आणि ऑर्केस्ट्राची प्रसिद्ध रचना) लावला की एक सोलोइस्ट बोलावतात, तो वाजवतो आणि जातो. म्हणून आपल्यातल्या बहुतेकांचं घर शिकवण्यावर चालतं, मोठी नावं पण त्यात आली. गिटारवादक मॅन्युएल बारुएको लहानपणी क्यूबातून अमेरिकेत आला, जगभर वाजवलं, तरी बाल्टिमोरच्या पीबॉडी या संगीत कॉलेजात त्याने वर्षानुवर्षं शिकवलं.

आणि हे आजचं नाही. गिटारवादक आणि संगीतकार फर्नांडो सोरने 1813 मध्ये स्पेन सोडलं ते कायमचंच, पॅरिस, लंडन, मॉस्को असं फिरत शेवटी परत पॅरिसला आला आणि 1839 मध्ये तिथेच वारला. त्याचे ओपस 35 आणि ओपस 60 हे सरावाच्या रचनांचे संच वाजवत आपण सगळे मोठे झालो ना, ते त्याने शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेत! परक्या शहरात शिकवण्या करणाऱ्या माणसाचं ते काम आहे. पॅराग्वेचा गिटारवादक बारिओस पण शेवटची वर्षं सान साल्वादोरला शिकवत होता, 1944 मध्ये तिथेच वारला. यातल्या कुणाला तू मास्तर होऊन बसला म्हणशील का?

खरी अडचण मला दुसरीकडेच दिसते. मुलं शाळा सुटल्यावर येतात, म्हणजे तुझी दुपार आणि संध्याकाळ त्यांची, आणि मग रियाज उरलेल्या वेळात, थकलेल्या हातांनी. माझं असंच व्हायचं, सकाळी ईमेल, बाजार, सरकारी कागद आणि रात्री नऊला गिटार हातात. शेवटी सकाळचे तीन तास मी फक्त रियाजासाठी ठेवले, फोन नाही, कुणाचा एक्स्ट्रा लेसन नाही, पैसे थोडे कमी मिळाले पण वर्षभरात तासाभराचा एक प्रोग्रॅम पक्का झाला आणि मग कॉन्सर्ट मागायला तोंड राहिलं. तू पण तसाच एक प्रोग्रॅम बांध, रोज नवीन पीस धरू नकोस. त्यातल्या दोन पीसचे चांगल्या माईकवर व्हिडिओ कर आणि छोट्या कॉन्सर्ट सिरीजना वर्षभर आधी लिही, त्यांचे सीझन लवकर ठरतात. आणि एखादा बासरीवाला किंवा गायिका गाठ. ड्युओला सोलोपेक्षा जास्त दारं उघडतात, अर्जेंटिनाच्या पियाझ्झोला या संगीतकाराचं बासरी-गिटारचं टँगो तर लोक हमखास ऐकतात.

कॉम्पिटिशन हवी तर दे, पण तिच्यावर आयुष्य टांगू नकोस. जीएफए (गिटार फाउंडेशन ऑफ अमेरिका) सारखी मोठी जिंकली तर टूर आणि रेकॉर्डिंग मिळतं, पण पुढच्या वर्षी दुसरा विजेता येतो आणि तुला परत स्वतःच उभं राहावं लागतं.

एक कोरडी गोष्ट पण महत्त्वाची. तुझ्या परमिटवर नोकरीशिवाय स्वतंत्र काम चालतं का ते आधी बघ, नसेल तर कॉन्सर्टचे पैसे घेणंच अंगाशी येईल. आणि देशाप्रमाणे सोयी असतात त्या शोध. जर्मनीत फ्रीलान्स कलाकारांची वेगळी सामाजिक विमा योजना आहे, त्यात कलाकाराने साधारण अर्धाच हप्ता भरायचा. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत 507 तास काम दाखवलं की मधल्या रिकाम्या दिवसांचा भत्ता मिळतो. परत जायचं की नाही हे या सकाळच्या तीन तासांचं एक वर्ष झाल्यावर ठरव, आत्ता दमलेला असताना नको.

प्रश्न: माझी जुनी गिटार ब्राझिलियन रोझवूडची आहे. दुसऱ्या देशात कॉन्सर्टला नेताना काही होईल का?

उत्तर: होऊ शकतं, जप. हे लाकूड 1992 पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे. बाकीच्या रोझवूडच्या तयार वाद्यांना 2019 च्या शेवटी सूट मिळाली, याला नाही. तू राहतोस त्या देशाच्या साइट्स कार्यालयातून वाद्याचं प्रमाणपत्र काढ, ते तीन वर्षांपर्यंत चालतं आणि प्रत्येक सीमेवर त्याच्यावर शिक्का घ्यावा लागतो. वेळ लागतो, म्हणून कॉन्सर्ट ठरली की त्याच आठवड्यात अर्ज टाक. जुन्या वाद्यात सॅडल (तारा टेकतात ती छोटी पट्टी) हस्तिदंताचं असेल तर ते पण आधी सांग. आणि हिवाळ्यात हीटिंगच्या खोलीत केस उघडी ठेवू नकोस, आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत ठेव, नाहीतर लाकडाला चीर पडेल.