दांडा आपल्या हातात आल्यावर काय होतं?

"मॅडम, भांडण मी काढत नाही. पण कुणी अंगावर आलं की मग मला माझंच भान राहत नाही, समोरचा खाली पडला तरी हात थांबत नाही." हे वाक्य लातूरमध्ये समुपदेशनाला बसून मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं येतात, त्यांना भीती असते की एखादा गुन्हा नोंदला गेला तर सगळी मेहनत पाण्यात. ट्यूशन एरियातल्या मुली येतात, छेड काढणाऱ्याला चांगलं बदडलं आणि आता स्वतःचीच भीती वाटते म्हणतात. बांधावरून मारामारी झालेले तर किती तरी. सगळ्यांचा प्रश्न एकच, मी स्वतःला वाचवत होतो ना, मग मला अपराधी का वाटतंय?

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, त्याला आपण पैलवान म्हणू, कारण तो खरंच तालमीतला. वय सव्वीस. चुलत भावाने बांध कोरला म्हणून बोलाचाली झाली, चुलत भावाने खोऱ्याचा दांडा घातला, ह्याने तो मनगटावर झेलला आणि हिसकावून घेतला, आणि मग चार-पाच तडाखे असे दिले की त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. केस झाली. वकिलाने स्वसंरक्षण म्हणून सांगू असं सांगितलं. पण हा रात्री झोपेना. आई त्याला घेऊन आली.

पहिल्या भेटीत त्याचं एकच पालुपद. "मॅडम, अंगात आल्यागत झालं. मी नव्हतोच तिथं."

असं वाटणं खोटं नसतं हे आधी सांगते. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1915 साली लिहून ठेवलंय की जिवावर बेतलं की शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. अॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, नजर एका जागी खिळते, बाजूचे लोक ओरडतात ते ऐकूच येत नाही, दुखणं सुद्धा नंतर कळतं. पैलवानाचं मनगट सुजलंय हे त्याला घरी गेल्यावर कळलं. आणि हे वारं भांडण संपलं म्हणून लगेच उतरत नाही. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला बरं वाटलं. मला मात्र समाधान नव्हतं.

कारण मी अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची. एलिसने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, त्याचा गाभा असा की घटना आपल्याला पेटवत नाही, घटनेबद्दल आपण मनात जे वाक्य बोलतो ते पेटवतं. शरीर तापतं हे खरं, पण तापल्यावर तडाखा कुणाला, कुठं, किती हे ठरवणारं एक वाक्य डोक्यात असतंच. ते पकडायचं होतं.

दुसऱ्या भेटीत विचारलं, "मग थांबलात कसे?"

"मोठे चुलते आडवे आले."

"आणि मारलं कुठं?"

"खांद्यावर, पाठीवर."

"डोक्यात का नाही?"

तो गप्प. मग म्हणला, "डोक्यात मारलं तर मरंल की मॅडम."

"म्हणजे तुम्ही तिथंच होता."

त्याचा चेहरा उतरला. "मग मी मुद्दाम मारलं म्हणा की."

इथं खूप जपून जावं लागतं. नवीन असताना मी अशा जागी घाईने धीर द्यायचे, नाही नाही तसं नाही म्हणायचे. आता देत नाही. मी म्हणलं, मुद्दाम हा शब्द ठेवू बाजूला. भान सगळं गेलं नव्हतं एवढंच म्हणते. चुलत्यांना बघून थांबता आलं म्हणजे थांबायची ताकद तुमच्यात आहे, बाहेरून आणायची नाही. तो मान हलवून गेला, पण पुढच्या भेटीला येईल का नाही याची मला खात्री नव्हती.

तो आला. त्या दिवशी मी वर्तमानपत्राची गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि म्हणलं, आता सगळं हळू हळू करून दाखवा, बैल चालतो तसं, मी चुलत भाऊ. दर पावलाला मी एकच प्रश्न विचारत होते, इथं भीती आहे का? दांडा वर आला, "हाये." मनगटावर बसला, "लई हाये." हिसकावला, "हाये अजून." मग मी रिकामे हात घेऊन एक पाऊल मागे सरले, चुलत भाऊ सरला होता तसं. पैलवानाचा हात वर होता. मी विचारलं, इथं?

हात वरच राहिला. बराच वेळ. बाहेर रिक्षाचे हॉर्न ऐकू येत होते.

"इथं भीती नव्हती मॅडम."

"मग काय होतं?"

"इथं लोक होते. सगळे बघूलाले होते."

इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या वाक्याने मला जे दिलं ते कुठल्या पुस्तकाने दिलं नव्हतं. आम्ही राग म्हणून एकच गाठोडं धरून बसतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दांडा दुसऱ्याच्या हातात असेपर्यंत जीव वाचवायचा असतो. तो आपल्या हातात आला की लोकांपुढं नाक वाचवायचं असतं. त्याच्या डोक्यातलं वाक्य शेवटी सापडलं ते असं, "आता थांबलो तर भ्याला म्हणतील, आणि मला भ्याला म्हणलेलं चालणारच नाही." भान खाल्लं ते ह्या "चालणारच नाही"ने.

गंमत वाटेल पण कायदाही हाच प्रश्न विचारतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाबद्दल आहेत. कलम 40 सांगतं की अंगाला धोका आहे अशी रास्त भीती जोवर आहे तोवर हा हक्क, आणि कलम 37 सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. जिवावर बेतलेला माणूस प्रत्येक वार सोन्याच्या काट्यावर तोलू शकत नाही हे आपल्या न्यायालयांनी मान्य केलंय, त्यामुळे एखादा तडाखा जास्त बसला म्हणून स्वतःला लगेच गुन्हेगार ठरवू नका. पण भीती संपली ती जागा ओळखायला शिकावंच लागतं. त्याच्या केसचं काय होईल ते कोर्ट बघेल, मी त्यात पडले नाही.

पुढचं काम त्याच्याच मातीतून निघालं. मी विचारलं, कुस्तीत पाठ टेकल्यावर पैलवान काय करतो? "उठतो, हात मिळवतो." त्याला कुणी भ्याला म्हणतं का? रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, रुस्तम-ए-हिंद, ह्या पोराचा देवच, ते चितपट केलेल्या गड्याला बुक्क्या घालत बसले असते तर तुम्ही त्यांना मोठं म्हणलं असतं का? तो हसला, महिन्यात पहिल्यांदा.

मग सराव. समोरच्याच्या हातातलं सुटलं किंवा तो मागं सरला की आपण दोन पावलं मागं, "बास!" असं जोरात ओरडायचं (ओरडताना श्वास आपोआप लांब बाहेर जातो, आणि ऐकणाऱ्यांनाही कळतं की आपण थांबलोय), आणि तिथून निघायचं, 112 ला फोन लावायचा. हे डोकं शांत असताना शंभरदा करावं लागतं, ऐन वेळी नवीन काही सुचत नसतं, त्याने रोज तालमीत जोर-बैठका झाल्या की दहादा केलं. आणि भांडणानंतर तासभर तरी, "सोडायचा नव्हता त्याला" म्हणणाऱ्या दोस्तांत बसायचं नाही, तिथं विझलेलं परत पेटतं.

मुलींना मात्र एक वेगळं सांगते. तुमच्यातल्या बऱ्याच जणी इतकी वर्षं गप्प बसलेल्या असतात की पहिल्यांदा हात उचलला की तो सगळ्या वर्षांचा हिशोब घेऊन पडतो. त्याची लाज बाळगू नका, सुटून निघणं हे ध्येय ठेवा. आणि ज्यांचा हात घरात बायकोवर, लेकरावर सुटतो त्यांनी ह्या गोष्टीत आसरा शोधू नये, तिथं बचाव कशाचाच नसतो, त्यांनी थेट मदत घ्यावी, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 नंबर फुकट आहे.

दोन महिन्यांनी पैलवानाचा फोन आला. चुलत भाऊ परत बांधावर आला होता, आईवरून शिवी दिली, छातीवर हात मारून ढकललं. ह्याने हात झटकला आणि दोन पावलं मागं आला, बास म्हणून ओरडला.

मी विचारलं, "लोक होते का?"

"होते की. आठ-दहा."

"मग?"

"एक जण हसला मॅडम. बाकीचे लाईट आली म्हणून मोटार चालू करायला गेले."